तीन नंबरची टाकी

मंगळवारी सकाळी संयोगिता जगदाळे जिना चढून वर आली, तेव्हा शिवांजली माने एका नवऱ्यामुलाच्या चौकशीचा अहवाल लिहीत होती. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलीकडचे तासगावचे. पगार खरा आहे का, पितो का, एवढंच कळवायचं होतं. गेली नऊ वर्षं सांगलीत खासगी तपासाचं काम म्हणजे बहुतेक हेच. पोलिसातली नोकरी सोडली तेव्हा काही वेगळं करायला मिळेल असं तिला वाटलं होतं. आता तसं वाटायचं बंद झालं होतं.

समोर जिनपाल चौगुले पेपर वाचत बसले होते. माधवनगरच्या गिरणीत तीस वर्षं भांडार सांभाळून ते निवृत्त झाले होते. गाडी त्यांची, वेळही त्यांचाच. स्वभाव असा की समोरच्याने सांगितलेलं आधी खरं धरायचं. शिवांजली त्यांना अण्णा म्हणे.

"माझी टाकी कुणीतरी ओतून दिली," संयोगिता बसता बसता म्हणाली. "पाचशे लिटर बिअर."

अण्णांनी पेपर खाली ठेवला. जन्मात ते दारूच्या दुकानाची पायरी चढले नव्हते.

संयोगिता पस्तिशीची होती. चार वर्षांपूर्वी तिने माधवनगरात बंद पडलेल्या यंत्रमागाची शेड भाड्याने घेऊन तिथे बिअर बनवायला आणि विकायला सुरुवात केली. कवठे महांकाळच्या शाळू ज्वारीची बिअर, म्हणून नावही 'शाळू'. ग्लासाला दोनशे साठ रुपये दर असूनही कोल्हापूरहून माणसं यायची.

"मग 'नव्याण्णव' आलं," ती म्हणाली.

ते सगळ्यांना माहीत होतं. कुठलीही बिअर घ्या, ग्लास नव्याण्णव रुपयांना, अशी ती पबची साखळी. आधी साताऱ्यात हायवेला उघडली, मग गेल्या दिवाळीत सांगली-मिरज रस्त्यावर.

"साताऱ्यात एक जण माझ्यासारखीच घरची बिअर करतो. त्याने पहिल्याच महिन्यात दर दोनशेवर आणला. कराडवाल्याने एकशे ऐंशीवर. मी तीन महिने धरून बसले, तर टेबलं रिकामी. मग दोनशे वीस केला, मग एकशे ऐंशी, आता दीडशे. सहा माणसं होती कामाला, आता मी आणि बिराप्पा. त्यात तोही रविवारी आजारी पडला."

"काय झालंय त्याला?"

"उलट्या, पाठ दुखतेय. मुतखडा असेल म्हणतात. बाबांनी जीपमधून मिरजेला नेऊन ॲडमिट केलं."

सोमवारी 'शाळू'ला सुट्टी असे. सोमवारी सकाळी ती ज्वारी आणायला कवठे महांकाळला गेली आणि संध्याकाळी सहाला परतली. कुलूप जसंच्या तसं होतं. आत तीन नंबरची टाकी रिकामी.

"एक आणि दोन नंबर?"

"भरलेल्या. हातसुद्धा लावलेला नाही."

"किल्ल्या किती?"

"तीन. माझी माझ्याजवळ होती. एक जागेचे मालक पारसशेठ यांच्याकडे, एक बिराप्पाकडे. पण तो तर दवाखान्यात. वीरधवलने केलंय हे. माझ्याकडेच तीन वर्षं होता, आता नव्याण्णवचा मॅनेजर आहे. मागच्या महिन्यात विचारत होता, लायसनसकट विकतेस का म्हणून. शनिवारी कॉलेजच्या जुन्या मुलांचं संमेलन आहे, दोनशे लोकांचं. त्यांच्यासाठीच तीन नंबर ठेवली होती. त्याला हे माहीत होतं."

"मग झालंच की," अण्णा म्हणाले.

शिवांजलीने अहवाल मिटला. "जागा बघूया."

*

शेडमध्ये शिरताच आधी एक नंबरची टाकी लागे, मग दोन नंबर. तीन नंबर अगदी मागच्या भिंतीला. शिवांजली तिथे खाली वाकली, गुडघा दुखला तशी तोंड वाकडं करून, आणि फरशीवर बोट फिरवलं. चिकटपणा नव्हता.

"फरशी तुम्ही धुतली?"

"नाही. मी आले तेव्हा अशीच होती. पाइपही गुंडाळून खुंटीला लावलेला."

"या बिअरचं काहीच शिल्लक नाही?"

संयोगिताने कोपऱ्यातला फ्रीज उघडला. "बिराप्पा रोज प्रत्येक टाकीतली एक बाटली काढून ठेवतो, तारीख घालून. एक आणि दोनच्या आहेत. तीनच्या चारही बाटल्या गेल्या."

"तुम्ही स्वतः चव घेतली होती?"

"मला आठवडाभर सर्दी आहे, चवच लागत नाही. शुक्रवारी बिराप्पा म्हणाला, गोडसर लागतेय. म्हटलं, आंबवण पुरी झाली नसेल, रोज ग्लासभर पिऊन बघ आणि गोडी कधी उतरते ते सांग."

मागच्या दाराबाहेर बिअर थंड ठेवणारं यंत्र होतं. संयोगिताने समजावलं. प्रत्येक टाकीला बाहेरून पोलादाचं दुसरं कवच असतं. टाकी आणि कवच यांच्यामध्ये गार द्रव खेळत राहतो आणि फिरून यंत्राच्या पिंपात येतो. बिअरला तो लागत नाही.

पिंपाच्या पातळी दाखवणाऱ्या काचपट्टीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, शेजारी वार लिहिलेले. गुरुवारपासून रोज दोन बोटं द्रव उतरला होता.

"बिराप्पाच्या रेघा," संयोगिता म्हणाली. "कुठेतरी गळत असेल."

अण्णांनी वाकून सगळ्या नळ्यांखाली पाहिलं. खाली धूळ होती, कोरडी. पिंपाच्या झाकणाला हात टेकवून ते उठले, तर तळव्याला हिरवा डाग. तो त्यांनी पांढऱ्या रुमालाला पुसला आणि मग रुमालाकडे बघून हळहळले.

"या यंत्राचं कोण बघतं?" शिवांजलीने विचारलं.

"पुण्याची कंपनी बघायची. दर पाडल्यावर ते बंद केलं. आता बाबाच बघतात. गेल्या महिन्यात तीन नंबरच्या कवचाला भेग पडली, तीही त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून वेल्ड करून घेतली." तिने डोळे चोळले. "परवडतं ते करायचं, दुसरं काय."

*

शेडच्या मागे शालूबाईंचा गोठा होता. बिअरसाठी शिजवलेल्या धान्याचा चोथा त्यांच्या म्हशींना जाई. शेडची मोरी जिथे बाहेर पडे तिथे खड्डा होता, आणि म्हशी मोकळ्या असल्या की त्यातलं पाणी प्यायला तिथे जात. आज तो खड्डा ताज्या मातीने बुजलेला होता.

"ह्यो कवा बुजवला?" शिवांजलीने विचारलं. गोठ्यात आली की तिची भाषा आपोआप बदले.

"सोमवारी. मी बाजारला गेलते," शालूबाई म्हणाल्या. "म्हशी मोकळ्या सोडून गेलते मी. येऊन बघते तर दोनी म्हशी पलीकडं लिंबाला बांधलेल्या. म्होरं पाण्याच्या बादल्या भरून ठेवलेल्या. आन खड्डा बुजीवलेला. पारसशेठनं केलं आसंल. वास येतोय म्हून लय दिवस वरडत हुते."

"कुणी दिसलं न्हाई?"

"न्हाई बाई. पर जे कोन हुतं ते भलं मानूस हुतं. मुक्या जनावराला पानी ठेवलं."

गाडीत बसल्यावर अण्णांनी पारसशेठना फोन लावला. जुनी ओळख होती. शेठ सोमवारी दिवसभर सहकुटुंब बाहुबलीला दर्शनाला गेले होते, किल्ली कपाटात.

"आणि खड्डा?" शिवांजलीने बाजूने सुचवलं.

"कुठला खड्डा?" पलीकडून शेठ म्हणाले. "अण्णा, महिनाभर मी त्या शेडच्या मागं फिरकलेलो नाही. भाडं वेळेवर येतंय, मला काय करायचंय?"

*

दुपारी नव्याण्णवमध्ये बसायला जागा नव्हती. वीरधवल त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेला. तिशीचा, टापटीप, डोळ्यांखाली काळं.

"ताईचा माझ्यावर राग आहे, ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "बिअर करायला तिनंच शिकवलं."

"मग इथे कसा?"

"तिनं सहाची दोन माणसं केली. चौघं गेलो, त्यात मी. कुठंतरी जायचंच होतं."

"नव्याण्णवला ग्लास परवडतो कसा?"

"परवडत नाही. मोठ्या कारखान्याची उरलेली बिअर उचलतात, मुदत संपत आलेली. तरी तोटाच आहे. खाण्यावर थोडं निघतं. वर्षभर हाच दर ठेवा असं वरून आलंय. तोवर आजूबाजूचे छोटे बंद पडतात. मग बघू म्हणतात."

"म्हणून मागची तीन नंबरची टाकी ओतलीस?"

तो थकल्यासारखा हसला. "मॅडम, मी कशाला ओतू? सहा महिने नुसता थांबलो तरी ती बंद पडणार. आणि ओतायचीच असती तर तिन्ही ओतल्या असत्या. दारातली सोडून मागची एकच कोण ओतेल?"

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "चोर असंच बोलणार की."

"चोर फरशी धुवत नाही, अण्णा. मिरजेला चला."

*

दवाखान्याच्या पॅसेजमध्ये बिराप्पाची बायको चंद्राबाई भिंतीला टेकून बसली होती. नवरा आत होता. आज त्याचं तोंड सुजलं होतं आणि बोलणं पुसट झालं होतं.

"कालच्यानं लगवीच न्हाई," ती म्हणाली. "फोटू काढला पोटाचा. खडा काय दिसला न्हाई म्हनत्यात. मग काय हाय म्हनलं, तर तपासतोय म्हनत्यात. लय डागदर येऊन बघून गेले. कुनालाच कळंना."

"त्यांची शेडची किल्ली कुठं हाय, चंद्राबाई?"

तिने कमरेच्या पिशवीतून जुडगा काढला. "ही बघा. सुभेदारांनी दिली, मालकीनबाईच्या वडलांनी. रैवारी ह्येंला घालायला दवाखान्याची कापडं दिली, तवा ह्येंची कापडं सुभेदारांनी जीपमदी ठेवली. सोमवारी सांजच्याला आनून दिली, किल्ली आत हुती. देवमानूस हाय बघा. रोज येत्यात."

शिवांजलीने जुडगा परत दिला. गाडीकडे ती भराभर चालली, गुडघ्याची पर्वा न करता.

*

सुभेदार हंबीरराव जगदाळे यांचं घर बुधगावच्या अलीकडे होतं. अंगणात जीप उभी होती. ते ओसरीवर बसले होते, ताठ, पण दाढी दोन दिवसांची वाढलेली.

"बसा. पोरगीनं सांगितलं तुमी येणार म्हणून." ते अण्णांकडे वळले. "मिरजेवरनं आलात न्हवं? बिराप्पा वाचंल का?"

"बघतायत डॉक्टर," अण्णा म्हणाले.

"तुम्ही सैन्यात कशात होता?" शिवांजलीने विचारलं.

"गाड्यांच्या वर्कशॉपात. अठ्ठावीस वर्षं. डोंगरात ट्रक बंद पडला की आमाला बोलवायचे."

"मग यंत्राचं काम तुम्हाला नवीन नव्हतं."

"मशीन म्हंजे मशीन," ते म्हणाले, आणि नजर खाली गेली.

अण्णा जीपभोवती फिरत होते. जुन्या गाड्यांची त्यांना हौस होती. "सुभेदार, रेडिएटर गळतोय की तुमचा," त्यांनी सांगितलं. जीपखाली हिरवे थेंब पडले होते. शेजारी त्याच रंगाचा, अर्धा रिकामा कॅन.

शिवांजली त्या थेंबांकडे क्षणभर बघत राहिली. मग फाटकाबाहेर जाऊन तिने दोन फोन केले. पहिला लांबला. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"संयोगिता येतेय," ती म्हणाली. "तिच्यासमोरच बोलू."

*

संयोगिता वडिलांशेजारी बसली. अण्णा खांबाला टेकून उभे राहिले. शिवांजली बोलू लागली, आवाज न चढवता.

"टाकी नुकसान करायला ओतली असं आपण धरून चाललो, तिथेच चुकलो. नुकसान करणारा दारातल्या दोन टाक्या सोडून मागे जात नाही. ओतल्यावर फरशी धुवून पाइप जागेवर ठेवत नाही. फ्रीजमधल्या नेमक्या त्याच टाकीच्या बाटल्या उचलत नाही. त्याला ती बिअर कुणाच्याच पोटात जायला नको होती. म्हशींच्यासुद्धा नाही. म्हणून त्या लांब बांधल्या, त्यांना दुसरं पाणी ठेवलं आणि खड्डा बुजवला."

"म्हणजे बिअर खराब होती?" अण्णांनी विचारलं.

"विषारी होती. पिंपातला द्रव गुरुवारपासून रोज उतरत होता आणि जमीन कोरडी होती. बाहेर गळत नव्हता, तर आत गळत होता. ट्रॉलीवाल्याचं वेल्डिंग आतून सुटलं आणि द्रव टाकीत जाऊ लागला. शुक्रवारी बिराप्पाला बिअर गोड लागली."

"पण तो द्रव पोटात गेला तरी चालतो," संयोगिता म्हणाली. "मुद्दाम तसलाच घेतो आम्ही. महाग असतो, पण..."

बोलता बोलता ती थांबली. वडिलांकडे वळली.

"अण्णा, तुमचा रुमाल दाखवा," शिवांजली म्हणाली. "पिंपाच्या झाकणाचा रंग. आणि हा जीपखालचा. गाडीच्या रेडिएटरमधलं कूलंट. ते गोड असतं, आणि माणसाचं मूत्रपिंड बंद पाडतं."

ती हंबीररावांकडे वळली.

"संयोगिताची किल्ली तिच्याजवळ होती, शेठची कपाटात. उरली बिराप्पाची. बिराप्पाचे कपडे रविवारी तुमच्या जीपमध्ये आले आणि सोमवारी संध्याकाळी परत गेले. मधला दिवस किल्ली तुमच्याजवळ. बाटल्या कुठे ठेवतात ते घरच्यालाच ठाऊक. आणि मगाशी तुम्ही विचारलंत, बिराप्पा वाचेल का. मुतखड्याच्या पेशंटबद्दल असं कुणी विचारत नाही, सुभेदार."

मग हंबीरराव बोलू लागले.

"जुनं संपलं हुतं. तसलंच आणायचं तर लय पैसं. पोरगी दर पाडून पाडून मोडली हुती. रोज रात्री हिशेब करायची आन तशीच झोपायची. म्हटलं, थंड करायचंय न्हवं, ट्रकाचं घालतो. तिला न्हाई सांगितलं. रैवारी बिराप्पाला सोडून आलो आन काचपट्टी बघितली. तवा कळलं. सोमवारी समदं ओतलं."

"बाबा, मला सांगायचं होतं," संयोगिता म्हणाली.

"तू लगीच सरकारला कळवलं असतंस. लायसन गेलं असतं. चार वर्षं गेली असती तुझी."

"आणि बिराप्पा?" शिवांजलीने विचारलं.

"डॉक्टर मुतखडा म्हणाले. मी म्हटलं, आसंल. रोज जाऊन बसलो तिथं. रोज वाटायचं आज सांगू."

"दोनशे माणसं तुम्ही वाचवलीत, सुभेदार. पण जो आधीच प्याला होता, त्याच्या डॉक्टरांना दोन दिवस अंधारात ठेवलंत. मघाशी मी त्यांनाच फोन केला. काय पोटात गेलंय ते कळलं, आता इलाज सुरू करतायत. उशीर झालाय, असंही म्हणाले."

संयोगिता उठली. अंगणात जाऊन तिने उत्पादन शुल्क खात्याला फोन लावला, स्वतःचं नाव सांगितलं, शेडचा पत्ता सांगितला आणि तिन्ही टाक्या सील करायला या म्हणाली. मग पोलीस ठाण्याला. दुसऱ्या फोनला तिला वडिलांचं नाव दोनदा सांगावं लागलं, पहिल्यांदा पलीकडच्याला ऐकू गेलं नाही.

"मला वाटलं होतं वीरधवलच," अण्णा गाडीत म्हणाले.

"वीरधवल असता तर बरं झालं असतं," शिवांजली म्हणाली.

*

बिराप्पा वाचला. मूत्रपिंडं पुरती परत आली नाहीत. आठवड्यातून तीनदा मिरजेला जाऊन रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. हंबीररावांवर गुन्हा नोंदवला गेला आणि वयामुळे जामीन मिळाला. 'शाळू'चं लायसन गेलं. कराडवाल्यानेही उन्हाळ्यात टाळं लावलं. पावसाळ्याच्या तोंडावर नव्याण्णवचा ग्लास एकशे पन्नासला गेला, श्रावण संपल्यावर एकशे ऐंशीला. नाव तेच राहिलं. गर्दीही.

भाद्रपदात एका नात्यातल्या पेशंटला बघायला शिवांजली मिरजेला गेली, तेव्हा चंद्राबाई पॅसेजमध्ये भेटली. बिराप्पा आत, यंत्राला जोडलेला.

"कसं हाय?"

"हाय की. चालतंय." चंद्राबाईने खिडकीकडे मान हलवली. खाली आवारात हंबीरराव जीपला टेकून उभे होते. "तेच आनत्यात. पयल्यापासनं. दिवस चुकला न्हाई कदी."

"तुमी येऊ देता?"

"मी नगंच म्हनत हुते. तोंड बघू वाटत न्हाई मला. पर ह्ये म्हनले, येऊ दे. एसटीनं जायला ह्येंच्यात ताकद न्हाई, आन रिक्षाला कुठलं पैसं."

"दोघं बोलत्यात का काय?"

चंद्राबाईने जरा विचार केला.

"ह्ये न्हाई बोलत. सुभेदार बोलत्यात. वाटंत रोज येकच इचारत्यात, खड्ड्यातनं गाडी उडाली का, लागलं का. ह्ये काय उत्तर देत न्हाईत." तिने पदराने तोंड पुसलं. "परवा पयल्यांदाच ह्ये म्हनले, हळू चालवा."